सही करण्यापूर्वी

(बावडा येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

तुम्ही दिवसभर राबून आला आहात. कुणी ऊस तोडला, कुणी खुरपणी केली, कुणी चुलीपुढे बसून घरादाराला जेवू घातले. तरी पाटी-पुस्तक घेऊन इथे बसला आहात. म्हणून मी लांबण लावणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहे. ती माझ्या स्वतःवर गुदरलेली आहे. तिच्यात चोरी आहे, मार आहे, आणि माझी एक चूकही आहे. ती चूक मी फार दिवस कुणाला सांगितली नव्हती.

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. लोकांना वाटते, गुरुजी खूप शिकलेले असतील. तसे काही नाही. मी आपला मॅट्रिक. कॉलेजात पाऊल टाकले होते, पण पाच महिन्यांत ते मागे घ्यावे लागले. का, तेच सांगतो.

१. पाडी विकली

आमचे घर इथलेच, बावड्याचे. जमीन थोडी, तीही जिरायती. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या साली आबांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. आम्ही पोरांनी सुकडी खाऊन दिवस काढले.

आमची जमीन पूर्वी थोडी जास्त होती. आजोबांनी एका सावकाराकडून थोडे पैसे घेतले होते. सावकाराने कागद केला. आजोबांनी अंगठा दिला. कागदात काय लिहिले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे कळले, की तो कागद कर्जाचा नव्हता, खरेदीखताचा होता. दोन एकर रान गेले. तेव्हापासून आबांचे एकच म्हणणे. "पोरानं शिकलंच पाहिजे. आपल्या घरात पुन्हा अंगठा नको."

१९६२ साली बारामतीत कॉलेज निघाले. तेव्हापासून आमच्या भागातली पोरे तिकडे शिकायला जाऊ लागली होती. १९७७ च्या उन्हाळ्यात मी मॅट्रिक झालो आणि जूनमध्ये बारामतीला अकरावीत दाखल झालो. एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो.

दिवाळीला घरी आलो. परत जाताना फी, खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे न्यायचे होते. सगळे मिळून १८० रुपये. आबांना तेव्हा दिवसाला तीन रुपये मजुरी पडे. म्हणजे ६० दिवसांचे राबणे. घरात एवढे पैसे नव्हते. गोठ्यात एक पाडी होती. आईने तिला लहानाची मोठी केली होती. आबांनी ती विकली. आई काही बोलली नाही. तिने माझ्या बंडीला आतून एक चोरखिसा शिवला, नोटा त्यात घातल्या आणि वरून दोन टाके मारले. म्हणाली, "खोलीवर गेल्याशिवाय हे टाके उसवू नको."

२. कालव्याच्या कडेला

त्या दिवशी आमची एस.टी. उशिरा सुटली. इंदापूरला पोचलो, तर बारामतीची शेवटची गाडी निघून गेली होती. तिथेच मुक्काम करायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फी भरायची होती. उसाचा हंगाम सुरू झाला होता. एक रिकामा ट्रक बारामतीकडे निघाला होता. मी त्यात बसलो. बारामती तीन कोसांवर राहिली आणि ट्रक उसाच्या फडाकडे वळला. मी खाली उतरलो आणि चालू लागलो.

रात्रीचे नऊ वाजले असतील. चंद्रकोर केव्हाच मावळली होती. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला उंच ऊस. वारा आला की पाला सळसळे. मी मोठ्याने पाढे म्हणत चाललो होतो. भीती वाटली की मी पाढे म्हणत असे.

एकोणिसाच्या पाढ्यावर होतो. एकाएकी मागून कुणीतरी माझ्या तोंडावर फडके दाबले. दुसऱ्याने पाठीत काठी घातली. मी गुडघ्यांवर बसलो. समोर बॅटरी पेटली.

"मान वर करशील तर मान राहायची नाही."

बॅटरीच्या उजेडात उसाचा कोयता चमकला. मी मान वर केली नाही. मला दिसले ते फक्त पाय. तिघांचे पाय. दोघांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. तिसऱ्याच्या पायांत करकर वाजणाऱ्या वहाणा होत्या.

त्यांनी पिशवी उपडी केली. वह्या फेकल्या. लाडवांचा डबा घेतला. मग एकाने माझी छाती चाचपली. नोटा हाताला लागल्या. त्याने कोयत्याच्या टोकाने चोरखिसा फाडला. आईचे दोन टाके एका क्षणात गेले. जाताना त्यांनी मला आणखी एक काठी मारली आणि उसात शिरले.

मी किती वेळ तिथे बसलो, ते आठवत नाही. पुढे एका वस्तीवर दिवा दिसला. तिथल्या म्हातारीने मला पाणी दिले, पाठीला हळद लावली. रात्र तिथेच काढली.

३. "असेल, साहेब"

पहाटे उठून मी जवळच्या गावी मामांकडे गेलो. मामा मला घेऊन पोलीस ठाण्यात आले. ते ठाणे कोणते, हे मी सांगत नाही. गोष्टीला त्याची गरज नाही. तिथे म्हणाले, "ही हद्द आमची नाही." आम्ही दुसऱ्या ठाण्यात गेलो. तिथे हवालदारांनी सगळे ऐकून घेतले, पण लिहून घेतले नाही. म्हणाले, "संध्याकाळी या. तोवर आम्ही बघतो."

संध्याकाळी गेलो. दाराबाहेर एक बाई बसली होती. काखेत तान्हे पोर होते. आत कोपऱ्यात एक माणूस उकिडवा बसला होता. हवालदार म्हणाले, "हा पारधी. कालव्याच्या पलीकडं पाल टाकून राहतो. बघ नीट. हाच होता ना?"

मी त्याच्याकडे पाहिले. त्यानेही माझ्याकडे पाहिले. त्याला मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

मामा कानात म्हणाले, "हो म्हण. पारध्याशिवाय हे काम दुसऱ्या कुणाचं? पैसे परत मिळतील."

मंडळी, त्या वेळी माझ्या मनात काय होते, ते खरे सांगतो. माझ्या मनात १८० रुपये होते. गोठ्यातला रिकामा खुंटा होता. त्या माणसाचा विचार माझ्या मनात नव्हता. आणि मी म्हणालो, "असेल, साहेब."

एवढाच शब्द. मी 'आहे' म्हटले नाही, 'नाही'ही म्हटले नाही. मला वाटले, आपण खोटे तर बोललो नाही.

हवालदार फिर्याद लिहू लागले. दुसरे शिपाई त्या माणसाला आतल्या खोलीत घेऊन गेले. लिहायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात आतून पट्ट्याचे आवाज येत होते. बाहेर ती बाई रडत नव्हती. पोर रडत होते.

लिहून झाले. हवालदारांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "कर सही."

मामा म्हणाले, "कर लवकर. अंधार पडला."

मी लेखणी हातात घेतली आणि मला आजोबांचा अंगठा आठवला. मी कागद उचलला आणि वाचू लागलो.

कागदात लिहिले होते, "बॅटरीच्या उजेडात मी सदर इसमाचा चेहरा स्पष्ट पाहिला. मला दाखवलेला इसम तोच आहे."

माझा 'असेल' कागदावर येईपर्यंत 'तोच आहे' झाला होता.

तेवढ्यात त्या माणसाला बाहेर आणले. त्याला धड चालता येत नव्हते. तो खाली बघत होता, म्हणून मीही खाली पाहिले. त्याचे पाय अनवाणी होते. टाचांना बोटभर भेगा होत्या. ज्या पायांना जन्मात वहाण लागली नाही, असे ते पाय होते.

मी म्हणालो, "साहेब, मी चेहरा पाहिला नाही. मी फक्त पाय पाहिले. त्यांच्या पायांत बूट आणि वहाणा होत्या. हा माणूस त्यांतला आहे, असं मी म्हणू शकत नाही. या कागदावर मी सही करणार नाही."

हवालदार खवळले. "चार बुकं शिकलास म्हणून आम्हाला कायदा शिकवतोस?" मामांनी कपाळाला हात लावला. माझे पाय लटपटत होते. पण कागद मी खाली ठेवला, सही केली नाही.

आरडाओरडा ऐकून फौजदार आले. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि सगळे पहिल्यापासून विचारले. मग म्हणाले, "याने सांगितले तेवढेच लिहा." दुसरा कागद लिहिला. मी तो दोनदा वाचला आणि सही केली. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला सोडून दिले.

माझे पैसे मिळाले नाहीत. ते तिघेही सापडले नाहीत, आजपर्यंत नाहीत.

मी घरी आलो. आईने पहिल्यांदा विचारले, "तुला लागलं का कुठं?" मग तिने फाटलेला चोरखिसा पाहिला. आणखी विकायला गोठ्यात काही नव्हते. कॉलेज सुटले. पुढच्या वर्षी शिक्षकाच्या शिक्षणाला माझा नंबर लागला आणि मी प्राथमिक शिक्षक झालो. घरी मी सगळे सांगितले. फक्त 'असेल' हा शब्द सांगितला नाही.

४. पारध्यावरच संशय का?

आता तुम्ही विचाराल, त्या माणसालाच का धरले? त्याच्या विरुद्ध पुरावा काय होता? पुरावा काहीच नव्हता. त्याची जात हाच पुरावा.

हे कसे झाले, ते थोडक्यात ऐका. पारध म्हणजे शिकार. पारधी म्हणजे शिकार करून पोट भरणारा. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला. त्यात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय होती. पुढे १९११ साली नवा कायदा झाला. तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू पडला. पोर अजून पाळण्यात आहे, आणि सरकारदप्तरी त्याची जमात मात्र चोरांची! मोठ्यांनी ठाण्यावर हजेरी द्यायची. परवानगीशिवाय दुसऱ्या गावी जायचे नाही. आपल्या शेजारी सोलापुरात अशा लोकांसाठी तारेचे कुंपण घातलेली वसाहत होती. लोक तिला सेटलमेंट म्हणत.

देश स्वतंत्र झाला. १९५२ साली, ३१ ऑगस्टला, तो कायदा रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. विमुक्त म्हणजे सुटलेला. कायदा कागदावरून पुसला गेला. पण लोकांच्या मनात तो लिहिलेला राहिला. पंचवीस वर्षांनंतर तो माझ्याही मनात होता. नाहीतर 'असेल' हा शब्द माझ्या तोंडून आला नसता.

चोर कोणत्याही जातीत असतो. माझ्या चोरांची जात मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहेत ते त्यांचे बूट.

५. आज कायदा काय सांगतो

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो. त्या लक्षात ठेवा. वहीत लिहून घेतल्या तर आणखी चांगले.

चोरी, जबरी चोरी आणि दरोडा हे तीन वेगळे गुन्हे आहेत. नकळत खिसा कापला तर ती चोरी. मारहाण करून किंवा जिवाची भीती घालून घेतले तर जबरी चोरी. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा. माझ्यावर झाली ती जबरी चोरी, कारण ते तिघे होते. तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंतच्या वेळात हमरस्त्यावर जबरी चोरी झाली, तर चौदा वर्षांपर्यंत. १८६० च्या जुन्या कायद्यात हे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता हा नवा कायदा आला. त्यातही हे तसेच आहे.

आता कोणतेही ठाणे "ही हद्द आमची नाही" असे म्हणून तुम्हाला परत पाठवू शकत नाही. असा गुन्हा सांगायला गेलात, तर त्यांनी फिर्याद लिहून घ्यायची आणि मग योग्य त्या ठाण्याकडे पाठवायची. फिर्याद तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे. मगच तुम्ही सही करायची. तिची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या. लिहून घेतलेच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवता येतो. अडचणीच्या वेळी ११२ या नंबरवर फोन करा.

ओळख पटवायची असेल तर तिची रीत आहे. संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करतात. मग साक्षीदाराने ओळखायचे. एकट्याला कोपऱ्यात बसवून "हाच ना?" असे विचारणे ही ओळख नव्हे.

आणि कुणाला अटक झाली, तर चोवीस तासांच्या आत त्याला न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते. त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. हे आपल्या राज्यघटनेत लिहिले आहे. गरिबाला वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी विधी सेवा समिती आहे. तिचा फोन १५१००.

आणखी एक. आता चोर कालव्याच्या कडेला थांबत नाहीत. ते फोनवरून येतात. "बँकेतून बोलतो, नंबर सांगा," म्हणतात. तुम्ही नंबर सांगता, आणि खाते रिकामे होते. असे झाले तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.

६. ती बाई पुन्हा भेटली

आता शेवट सांगतो.

२००३ च्या जून महिन्यात मी एका शाळेवर मुख्याध्यापक होतो. शाळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. एक म्हातारी बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दारात उभी राहिली. तिला नातवाचे नाव घालायचे होते. तिच्याकडे जन्माचा दाखला नव्हता. पारध्याचे पोर म्हटल्यावर गावातली दोघे-तिघे मंडळी कुरकुरत होती. मी पट उघडला.

बाई म्हणाली, "गुरुजी, मी तुमाला वळखलं. तुमी त्या दिवशी ठाण्यात कागद माघारी दिला. याचा बाप तवा माझ्या काखंत होता."

माझ्या हातातली लेखणी थांबली. छब्बीस वर्षे मी जे कुणाला सांगितले नव्हते, ते तिला सांगितले. म्हणालो, "मावशी, कागद माघारी दिला खरा. पण त्याआधी मी 'असेल' म्हणालो होतो. त्या शब्दानं तुमच्या माणसाला मार बसला."

ती म्हणाली, "मला ठावं हाय. मी दारातच व्हते. आयकू येत व्हतं."

"मग पोराला माझ्याकडं का आणलंत?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझं माणूस पाच वर्सामागं गेलं. ते सांगायचं, त्या पोरानं आदी वाचलं न्हवतं, तवर तेबी समद्यांसारखंच व्हतं. मग त्यानं वाचलं. म्हणून याला वाचाया शिकवा."

मी पटावर त्या मुलाचे नाव लिहिले. जन्मतारीख अंदाजाने घातली. कुरकुरणाऱ्या मंडळींना सांगितले, की हा मुलगा पुढच्या ओळीत बसेल. तो बसला आणि शिकलाही. आता तर २००९ च्या कायद्यामुळे दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेत घ्यायचे नाकारता येत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. उद्या तुमच्यापुढे कागद येतील. सोसायटीचे येतील, बँकेचे येतील, तलाठ्याचे येतील, ठाण्याचेही येतील. समोरचा माणूस घाई करील. "सगळं बरोबर आहे, करा सही," म्हणेल. तुम्ही सांगा, "थांबा. मी आधी वाचतो." हळू वाचा, बोट ठेवून वाचा, अक्षरे जुळवून वाचा. त्यात लाज नाही. समजले नाही तर दुसऱ्याला विचारा. आपल्या तोंडचा शब्द कागदावर तसाच उतरला आहे की नाही, ते पाहा. कागदावर कधी आपले रान असते, तर कधी दुसऱ्याचा जीव असतो.

आणि बोलताना 'असेल' म्हणू नका. पाहिले असेल तर पाहिले म्हणा. पाहिले नसेल तर नाही म्हणा.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो.

वर्गात बोलण्यासाठी

१. आजोबांचे रान कशामुळे गेले?
२. गुरुजी 'असेल' का म्हणाले? तुम्ही त्या जागी असता तर काय म्हणाला असता?
३. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांत फरक काय?
४. तुमच्या घरी असलेला एखादा कागद उद्या वर्गात आणा आणि सर्वांना वाचून दाखवा.